पाटी लागली, घर रिकामं

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत जावाचे काही प्रश्न ठरलेलेच असतात. बाहेरून आलेले परीक्षक जर्नल चाळतात, सहीसाठी पेन काढतात आणि टोपण उघडता उघडता विचारतात, "स्टॅटिक ब्लॉक आधी चालतो की कन्स्ट्रक्टर?" उत्तरही ठरलेलं. आधी स्टॅटिक, मग इन्स्टन्स ब्लॉक, मग कन्स्ट्रक्टर. आधी पॅरेंट, मग चाइल्ड. सिनिअरकडून ज्युनिअरकडे हे उत्तर झेरॉक्सच्या नोट्ससारखं चालत येतं. कॅम्पस प्लेसमेंटच्या लेखी परीक्षेत त्याचंच दुसरं रूप भेटतं: दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम आणि खाली 'आउटपुट काय येईल?'

उत्तर बरोबर आहे, त्याला पूर्ण मार्क मिळतात. फक्त या यादीत सगळ्यात आधी येणारी गोष्ट कुणी सांगत नाही. ती म्हणजे शून्य.

हा लेख त्या शून्याबद्दल आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्या शून्यापायी माझ्या टीममधल्या एका मुलीवर भलताच ठपका बसत होता, म्हणून मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं. ती गोष्ट कळायची तर जावा कुठलीही वस्तू कशी उभी करते हे आधी बघावं लागेल. कोडिंग येत नसेल तरी वाचा, पाढ्यांहून अवघड काही नाही.

क्लास एकदाच, ऑब्जेक्ट दरवेळी

क्लास म्हणजे नकाशा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या नकाशावरून बांधलेलं घर, असं पहिल्या तासाला सांगतात. नकाशा एकदाच मंजूर होतो, घरं कितीही बांधता येतात. जावामध्येही क्लास सुरू होण्याचा विधी वेगळा आणि ऑब्जेक्ट जन्माला येण्याचा वेगळा. गोंधळ बहुतेक वेळा हे दोन्ही एकत्र कालवल्याने होतो.

आधी क्लासचं बघू. जावा याबाबतीत चिक्कू आहे. प्रोग्राममध्ये शंभर क्लास लिहिले म्हणून शंभरही सुरू होत नाहीत. जेव्हा पहिल्यांदा एखाद्या क्लासचं ऑब्जेक्ट बनवायची वेळ येते, किंवा त्याची स्टॅटिक मेथड बोलावली जाते, किंवा त्याच्या स्टॅटिक फील्डला हात लागतो, तेव्हाच तो जागा होतो. त्याची आई, म्हणजे ज्या क्लासवरून तो बेतला आहे ती, त्याच्याआधी जागी होते. मग त्या क्लासमधली स्टॅटिक फील्ड्स आणि स्टॅटिक ब्लॉक ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने, वरून खाली, एकदाच चालतात.

डेटाबेसच्या प्रॅक्टिकलला आम्ही सगळ्यांनी एक ओळ मुकाट लिहिलेली आहे: क्लास डॉट फॉरनेम आणि कंसात मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरचं लांबलचक नाव. त्या ओळीतून मिळालेलं काहीच कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं नसायचं. नुसती लिहायची, देवाचं नाव घेतल्यासारखी. तिचं काम एवढंच होतं, की ड्रायव्हरचा क्लास जागा करायचा. जागा झाला की त्याचा स्टॅटिक ब्लॉक चालायचा, आणि त्या ब्लॉकमध्ये ड्रायव्हर स्वतःचं नाव नोंदवून यायचा. २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून जावा असे ड्रायव्हर स्वतःच शोधू लागली आणि त्या ओळीची गरज संपली. जर्नलमधून मात्र ती बरीच वर्षं गेली नाही.

आता शून्य. क्लासची कुठलीही ओळ चालण्याआधी जेव्हीएम त्याच्या सगळ्या स्टॅटिक फील्ड्ससाठी जागा करते आणि तिथे ठरलेली रिकामी किंमत ठेवते. आकडा असेल तर शून्य, हो-नाही असेल तर नाही, ऑब्जेक्ट असेल तर नल. तुम्ही लिहिलेली किंमत तिथे नंतर येते, त्या ओळीची पाळी आल्यावर.

समजा, 'दुकान' नावाचा क्लास आहे. पहिल्या ओळीत दुकानाचं एकुलतं एक ऑब्जेक्ट बनतं, आणि बनताना ते करदर वाचून स्वतःचं दरपत्रक तयार करतं. दुसऱ्या ओळीत करदर अठरा ठेवलेला आहे. वाचणाऱ्याला दोन्ही ओळी एका नजरेत दिसतात. जावा मात्र एकेक ओळ वाचत खाली येते. पहिल्या ओळीला तिला करदर शून्य दिसतो. अख्ख्या दरपत्रकात कर शून्य लागतो, आणि मग दुसऱ्या ओळीला करदर अठरा होतो. तोवर दुकान उघडलेलं असतं. ओळींची अदलाबदल केली की सगळं सुरळीत. कंपायलर यातलं काहीच बोलत नाही, कारण नियमाप्रमाणे काहीच चुकलेलं नाही.

निमंत्रण खालून वर, पंगत वरून खाली

ऑब्जेक्टचा जन्म याहून रंजक आहे. तुम्ही 'न्यू' म्हटलं की आधी मेमरीत जागा घेतली जाते. ही जागा एकट्या लेकीची नसते. तिच्यात आईची, आजीची, जितक्या पिढ्या वर असतील त्या सगळ्यांची फील्ड्स असतात, आणि त्या सगळ्या खोल्यांमध्ये सुरुवातीला शून्य आणि नल.

मग लेकीच्या कन्स्ट्रक्टरला हाक जाते. तो स्वतःचं काम सुरू करण्याआधी आईच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारतो. ती आजीला. असं करत करत हाक सगळ्यात वर, 'ऑब्जेक्ट' नावाच्या मूळ क्लासपर्यंत पोचते. तिथून उलटा प्रवास सुरू. आजीची फील्ड्स भरली जातात, आजीच्या कन्स्ट्रक्टरमधलं उरलेलं काम होतं. मग आईची फील्ड्स, आईचं काम. शेवटी लेकीची फील्ड्स, लेकीचं काम. निमंत्रण खालून वर जातं आणि पंगत वरून खाली वाढली जाते.

इथपर्यंत ठीक. पंचाईत होते ती आईने आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये एखादी अशी मेथड बोलावली, जी लेकीने ओव्हरराइड केली आहे. म्हणजे 'हे काम मी माझ्या पद्धतीने करीन' असं लेकीने सांगून ठेवलंय. जावा ते इमानेइतबारे ऐकते आणि लेकीची मेथड चालवते. पण लेकीची पाळी अजून आलेलीच नाही! तिच्या खोल्या रिकाम्या आहेत. तिला तिची फील्ड विचारली तर ती शून्य सांगते, नल सांगते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

सी प्लस प्लसने इथे वेगळा रस्ता धरला. तिथे आईचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत ते ऑब्जेक्ट आईचंच मानलं जातं, त्यामुळे मेथडही आईचीच चालते. लेकीला लेकीची ओळख तिच्या कन्स्ट्रक्टरची पाळी आल्यावर मिळते. जावामध्ये ऑब्जेक्ट पहिल्या क्षणापासून लेकीचंच असतं. दारावर तिच्या नावाची पाटी लागलेली असते. घरात मात्र सामान आलेलं नसतं.

सतरा पावत्या

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील पतसंस्थेचे पिग्मी एजंट. सकाळ-संध्याकाळ बाजारपेठेत फिरून टपरीवाले, भाजीवाले, सलूनवाले यांच्याकडून रोजचे वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करायचे, पासबुकावर नोंद करायची आणि रात्री भरणा. त्यामुळे पुण्यात ज्या कंपनीत लागलो तिथे पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनतं हे कळल्यावर घरी फार समजावून सांगावं लागलं नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये 'कर्ज' नावाचा एक जुना क्लास होता. तो लिहिणारे गृहस्थ मी लागायच्या आधीच कंपनी सोडून गेले होते. सोनेतारण, पगारतारण वगैरे कर्जाचे प्रकार या क्लासच्या लेकी होत्या. आईचा कन्स्ट्रक्टर मुद्दल आणि मुदत घ्यायचा, व्याजदराची मेथड बोलावून दर विचारायचा आणि हप्त्यांचं वेळापत्रक तिथल्या तिथे तयार करून ठेवायचा. प्रत्येक लेकीने ती व्याजदराची मेथड ओव्हरराइड करून आपला दर सांगायचा, असं ठरलेलं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग दुचाकी कर्ज आलं. ते काम टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीकडे गेलं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमधला तिचा पाचवा महिना चालू होता. तिने क्लास लिहिला, तपासणी झाली, टेस्ट पास झाल्या आणि एका पतसंस्थेत नवा प्रकार सुरू झाला. तीन दिवसांनी तिथल्या शाखेतून फोन आला. साठ हजार रुपये, बारा महिने, वार्षिक बारा टक्के. दर महिन्याला पाच हजार मुद्दल आणि पहिल्या महिन्याचं व्याज सहाशे, म्हणजे पहिला हप्ता पाच हजार सहाशे यायला हवा होता. पावतीवर पाच हजार होता. व्याजाच्या रकान्यात बाराही महिने शून्य. अशा सतरा पावत्या सभासदांच्या हातात गेल्या होत्या.

संध्याकाळी मी घरी फोनवर सहज सांगितलं. अण्णांनी सॉफ्टवेअरबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "तिथं काउंटरवर कोण बसलंय?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तेच म्हणाले, "मशीन काही का करंना, बोलणी पावती फाडणारालाच खावी लागतात. लोकांना तोच दिसतो."

आमच्याकडेही तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सगळे पुरावे त्या मुलीकडे बोट दाखवत होते. बाकीचे सगळे कर्जप्रकार बरोबर, फक्त हिचा चुकतोय. जुना क्लास वर्षानुवर्षं न बदललेला, हिचा नवा. मॅनेजरने डिबगर लावून तयार झालेलं ऑब्जेक्ट उघडलं, तर व्याजदराच्या फील्डमध्ये बारा स्पष्ट दिसत होते. टेस्टमध्ये व्याजदराची मेथड बोलावली की उत्तर बारा. "दर बरोबर येतोय, मग तू तो वापरला नाहीस," असं तिला सांगण्यात आलं. कारणमीमांसेच्या फॉर्ममध्ये 'मानवी चूक, नवीन डेव्हलपर' असा मजकूर टाइपही झाला होता. प्रोबेशनच्या पाचव्या महिन्यात असा फॉर्म फाइलला लागणं म्हणजे काय, हे आयटीत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

ती वाद घालत बसली नाही. तिने आईच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, लेकीच्या मेथडमध्ये आणि स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एकेक प्रिंटची ओळ टाकली, प्रोग्राम चालवला आणि मला हाक मारली. "दादा, हे बघ ना."

स्क्रीनवर चार ओळी होत्या.

आई: कन्स्ट्रक्टर सुरू
लेक: मला दर विचारला, माझ्याकडे ०.० आहे
आई: वेळापत्रक तयार
लेक: कन्स्ट्रक्टर सुरू, आता दर १२.० आहे

"आईने विचारलं तेव्हा माझी ओळ अजून चाललीच नव्हती," ती म्हणाली.

झालं. सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आली. डिबगर खोटं बोलत नव्हता, तो उशिरा बघत होता. टेस्टही उशिरा विचारत होती. तोपर्यंत दर बारा झालेला असायचा. चुकीचं वेळापत्रक मात्र आधीच कागदावर गेलेलं असायचं.

मग जुन्या लेकी कशा वाचल्या?

मॅनेजरचा पुढचा प्रश्न रास्त होता. क्रमाचाच घोळ असेल तर सोनेतारण का चुकत नाही? तिथेही आई आधी आणि लेक नंतरच आहे.

याचं उत्तर शोधायला आम्हा दोघांना अर्धा दिवस लागला. ते कळलं तेव्हा मला जावाचा जरा रागच आला. जुन्या लेकींमध्ये दर 'फायनल' होता आणि त्याच्यापुढे थेट आकडा लिहिलेला होता. असं असेल तर कंपायलर त्याला स्थिरांक मानतो. जिथे जिथे त्या फील्डचं नाव येतं, तिथे तो आकडाच चिकटवून टाकतो. मग मेथड कधीही बोलवा, खोली रिकामी असो की भरलेली, मेथड खोलीत जातच नाही. उत्तर तिच्या तोंडातच असतं.

या मुलीनेही दर फायनलच ठेवला होता. पण आकडा कोडमध्ये न लिहिता तो सेटिंग्जमधून वाचला होता, कारण संचालक मंडळ दर बदलतं आणि दर बदलला म्हणून सॉफ्टवेअर नव्याने पाठवायला लागू नये. हीच शिकवण टीममध्ये सगळ्यांना दिली जायची. ती तिने पाळली. सेटिंग्जमधून येणारा आकडा कंपायलरला आधी माहीत असणं शक्य नाही, त्यामुळे तो स्थिरांक ठरला नाही. मेथड खोलीत गेली आणि खोली रिकामी होती. फायनल म्हणजे एकदा ठरलं की न बदलणारं, असं आपण शिकतो. इथे त्याच फायनल फील्डच्या दोन किंमती दिसल्या, आधी शून्य आणि मग बारा.

म्हणजे ज्यांनी आकडा कोडमध्येच लिहायचा आळशी रस्ता धरला त्यांचं कोड चाललं, आणि जिने काम नीट केलं तिचं पडलं. जुन्या क्लासमधली खोट इतकी वर्षं झाकली गेली, ती इतरांनी नियम मोडल्यामुळे.

मी वहीच्या एका पानावर वरून खाली वेळेची रेघ काढली. कोणती ओळ कधी चालली, त्या वेळी कोणत्या खोलीत काय होतं, एवढंच लिहिलं. तिचा प्रिंट आणि माझं पान, दोन्ही घेऊन आम्ही मॅनेजरकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्याने दहा मिनिटं रेघेवर बोट फिरवलं आणि फॉर्ममधला मजकूर बदलला. नवा मजकूर होता: 'पॅरेंट क्लासचा कन्स्ट्रक्टर ओव्हरराइड होणारी मेथड बोलावतो.' वाक्यात कुणाचं नाव नव्हतं, नवीन-जुना असा शब्दही नव्हता. वेळापत्रक बनवायचं काम कन्स्ट्रक्टरमधून काढून वेगळ्या मेथडमध्ये टाकलं, जी ऑब्जेक्ट पूर्ण उभं राहिल्यावरच बोलावली जाते. सतरा सभासदांना नव्या पावत्या गेल्या. ती मुलगी पुढच्या महिन्यात कायम झाली.

हा सापळा आम्ही शोधून काढलेला नाही. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या २००१ साली आलेल्या पुस्तकात स्पष्ट बजावलं आहे, की कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नका. अँड्रॉइड ॲप्स लिहिणारे आता कोटलिन वापरतात, तरी सुटका नाही. तिथे 'हे कधीच नल असणार नाही' असं जाहीर केलेलं फील्डसुद्धा अशा वेळी नल सापडतं.

जावामध्ये एटीकेटी नाही

क्रमाचे आणखी दोन नियम सांगतो. दोन्ही मला कोडच्या बाहेरही आठवत राहतात.

पहिला नापास होण्याबद्दल. क्लास सुरू होत असताना स्टॅटिक ब्लॉकमध्ये काही फुटलं, समजा एखादी फाइल सापडली नाही, तर जावा 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर' नावाची एरर फेकते आणि त्या क्लासवर कायमचा शिक्का मारते. पुढे कुणीही त्याला हात लावला की एवढंच उत्तर येतं: हा क्लास सुरू करता आला नाही. फाइल नंतर जागेवर आणून ठेवली तरी उपयोग नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत त्याला दुसरी संधी नाही. सर्व्हरवर हे घडतं तेव्हा लॉगमध्ये त्या दुसऱ्या एररच्या शेकडो ओळी पडतात आणि सगळे तीच वाचत बसतात. खरं कारण पहिल्या एररमध्ये असतं, कुठेतरी बरंच वर. म्हणून लॉग वाचताना शेवटून नाही, सुरुवातीपासून वाचावा.

दुसरा वाट बघण्याबद्दल. एक थ्रेड क्लास सुरू करत असेल तर बाकीचे थ्रेड दाराबाहेर थांबतात. चांगली सोय आहे. पण एका थ्रेडने 'गाव' क्लास सुरू केला आणि त्याला मध्येच 'तालुका' लागला, त्याच वेळी दुसऱ्याने 'तालुका' सुरू केला आणि त्याला 'गाव' लागला, तर? दोघेही एकमेकांसाठी थांबतात, कायमचे. सर्व्हर पडत नाही आणि चालतही नाही. आणि हाच घोळ एकाच थ्रेडमध्ये झाला तर जावा त्याला अडवत नाही, 'सुरू आहे, जा पुढे' म्हणून सोडून देते. पुढे त्याला काय सापडतं? अर्धवट क्लास आणि आपलं ओळखीचं शून्य.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या तासाला इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायची असायची. हजेरीपटावर नाव पहिल्या दिवसापासून होतं. शब्द यायला अजून एक सत्र लागणार होतं. त्या आठवड्यात जे गप्प राहिले त्यांच्यावर 'कच्चे' असा शिक्का बसला, आणि तो शिक्का ग्रुप पाडताना, प्रोजेक्ट वाटताना बरोबर आडवा आला. त्यातले निम्म्याहून अधिक पुढे उत्तम बोलू लागले. प्रश्न चुकीचा नव्हता, लवकर विचारला गेला होता. माणसांना एटीकेटी असते, एवढाच आपला आणि क्लासचा फरक. ज्याने पहिल्या आठवड्यातलं उत्तर लिहून ठेवलंय त्याने मात्र ते पुन्हा तपासायला हवं.

एकोणतीस वर्षांनी

जावाची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ मध्ये आली. तेव्हापासून लेकीच्या कन्स्ट्रक्टरवर एक बंधन होतं: आईला मारायची हाक पहिल्याच ओळीत असली पाहिजे, त्याआधी एकही वाक्य चालणार नाही. हेतू चांगला होता. वडीलधाऱ्यांचं आवरल्याशिवाय धाकट्यांनी मध्ये पडू नये. पण त्यामुळेच, आईने घाईत काही विचारलं तर उत्तर तयार ठेवायला लेकीला वेळच नसायचा.

मार्च २०२४ मध्ये जावा २२ बरोबर या बंधनात बदल चाचणीसाठी आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ बरोबर तो कायम झाला. आता लेक आईला हाक मारण्याआधी काही ओळी चालवू शकते. आलेल्या किंमती तपासू शकते आणि स्वतःची फील्ड्स भरू शकते. अटी आहेत. फील्ड तिचंच असलं पाहिजे आणि त्याला जाहीर करतानाच किंमत दिलेली नसावी. त्या काळात ती आईच्या सामानाला हात लावू शकत नाही, अर्धवट ऑब्जेक्टवर मेथड बोलावू शकत नाही, भरलेलं फील्ड वाचूनही बघू शकत नाही. आपलं सामान आपल्या खोलीत मांडायचं आणि मग आईला हाक मारायची. त्यानंतर आईने काहीही विचारलं तरी लेकीकडे उत्तर असतं.

आमच्या दुचाकी कर्जाचा क्लास या पद्धतीने लिहिला असता, तर त्या जुन्या आईसकट तो पहिल्या दिवसापासून बरोबर चालला असता. जुना क्लास लिहिणाऱ्यालाही नावं ठेवायचं कारण नाही. त्याने लिहिलं तेव्हा ते चालत होतं, आणि भाषेनेच लेकीला आधी बोलायची मुभा दिलेली नव्हती.

मी हल्ली टीममध्ये बऱ्यापैकी सिनिअर आहे. कुणी येऊन 'किंमत चुकीची येतेय' म्हणालं की मी आधी विचारतो, 'कधी बघितलीस?' कोणत्या ओळीनंतर, कोणाच्या पाळीत, त्याआधी काय चालून गेलं होतं. कोड कुणी लिहिलंय हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि निम्म्या वेळा तोवर त्याची गरज उरत नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर लॅपटॉपही लागत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये एखादा ऑनलाइन जावा कंपायलर उघडा. दोन छोटे क्लास लिहा, एक आई, एक लेक. आईच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक मेथड बोलवा, लेकीत ती ओव्हरराइड करून लेकीचं एक फील्ड प्रिंट करा. त्या फील्डला आधी थेट आकडा द्या, मग त्याच्यापुढे फायनल लावून बघा, मग तोच आकडा एखाद्या मेथडमधून आणा. तिन्ही वेळा वेगळं काही दिसतं का बघा. दर वेळी आधी आपलं उत्तर कागदावर लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा. हा क्रम तेवढा बदलू नका.